मालकांचे वकील, राज्याचे राज्यपाल : सर होमी मोदी

स्वातंत्र्यानंतर लगेचच्या काळात गंगेच्या खोऱ्यातील दोन शेजारी राज्यांवर मुंबई इलाख्याकडील आणि वऱ्हाडातील दोन गृहस्थ राज्यपाल म्हणून नेमले गेले होते, ही गोष्ट आज फारशी कुणाच्या लक्षात नाही. बिहारमध्ये पाटण्याला होते लोकनायक बापूजी अणे आणि उत्तर प्रदेशात लखनौला होते सर होमी मोदी. बापूजी आपल्याला माहीत आहेत. ते टिळकांचे अनुयायी, यवतमाळचे पुढारी. पण होमी मोदी हे नाव पदवीच्या अभ्यासक्रमात कुठे येत नाही. आले तरी गिरण्यांच्या संपाच्या प्रकरणात एखाद्या ओळीत येते आणि तेही मालकांच्या बाजूला. ते योग्यही आहे, कारण हा माणूस मालकांच्याच बाजूचा होता. तरीसुद्धा त्यांचे चरित्र लिहावेसे वाटले. त्याचे कारण पुढे ओघाने येईल.

होर्मसजी फिरोजशा मोदी यांचा जन्म २३ सप्टेंबर १८८१ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. सेंट झेवियर्स कॉलेजात शिकून त्यांनी एम. ए. आणि एल्‌एल. बी. या पदव्या मिळविल्या आणि वकिली सुरू केली. त्या काळी मुंबईच्या सार्वजनिक जीवनावर सर फिरोजशहा मेहता यांचा मोठा पगडा होता. म्युनिसिपालिटी म्हणजे मेहता असेच समीकरण होते. तरुण मोदी त्याच नेमस्त परंपरेत वाढले. तेही म्युनिसिपालिटीत निवडून आले आणि १९२३ साली तिचे अध्यक्ष झाले. त्याआधी १९२१ मध्ये त्यांनी फिरोजशहांचे दोन खंडांचे इंग्रजी चरित्र लिहून प्रसिद्ध केले होते. पुढे ज्यांचे आयुष्य ताळेबंद, जकातीचे दर आणि संपाच्या नोटिसा यांत गेले, त्यांनी सुरुवात एका चरित्रग्रंथाने केली होती, हे आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवायला हरकत नाही!

वकील मोदी उद्योगपतींचे प्रवक्ते झाले ते १९२७ पासून. त्या वर्षी मुंबईच्या गिरणीमालक संघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. पुन्हा १९२९ पासून १९३४ पर्यंत ते सलग त्या पदावर होते. हा काळ कोणता ते ध्यानात घ्यावे. पहिल्या महायुद्धातील भरभराट संपली होती, जपानी कापड स्वस्तात येऊन पडत होते आणि मालकांनी त्यावर उपाय काढला होता तो म्हणजे कमी माणसांकडून जास्त काम. दोन साचे सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, अशी ती योजना. शिवाय विणकरांच्या मजुरीत कपात होणार होती. त्यातून १९२८ चा तो प्रचंड संप झाला. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत, सुमारे सहा महिने, दीड लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते. त्यातून गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा गिरणगावात रोवला गेला. पुढच्याच वर्षी मार्च महिन्यात कॉम्रेड डांगे आदी पुढाऱ्यांना मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेले. एप्रिलमध्ये पुन्हा संप झाला आणि तो मोडला. या दुसऱ्या संपाच्या वेळी मालक संघाच्या अध्यक्षपदी मोदी होते.

येथे मला थोडे घरचे सांगणे भाग आहे. आमचे पणजोबा रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईला गेले आणि एका गिरणीत साचेवाले झाले. संपाच्या दिवसांत चाळीतल्या खोलीचे भाडे थकले, तेव्हा ते भांडी मोडीत विकून बोटीने गावी आले आणि संप मिटल्यावर पुन्हा गेले, असे आजी सांगते. तिने हे तिच्या सासऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. त्यांच्यानंतर आजोबाही गिरणीतच लागले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. तेव्हा मालक संघाच्या अध्यक्षाचे चरित्र मी अगदी त्रयस्थपणे लिहीन, अशी अपेक्षा वाचकांनी करू नये. मात्र ग्रंथालयात बसून जे वाचले, त्यातले सोयीचे तेवढेच सांगायचे नाही एवढे पथ्य मी पाळले आहे.

मोदींच्या कारकिर्दीतील सर्वांत गाजलेली गोष्ट म्हणजे १९३३ चा मोदी–लीस करार. त्या वर्षी ब्रिटिशेतर सुती कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत वाढविण्यात आली. उत्तरादाखल जपानने हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार घातला. त्याची झळ कुणाला लागली? वऱ्हाड-खानदेशच्या कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला. त्याच सुमारास विल्यम क्लेअर-लीस यांच्या नेतृत्वाखाली लँकेशायरच्या कापडवाल्यांचे शिष्टमंडळ मुंबईला आले आणि ऑक्टोबरमध्ये मोदींनी त्यांच्याशी समझोता केला. हिंदी कापडधंद्याला संरक्षण मिळविण्याचा हक्क आहे हे लँकेशायरने मान्य करावे, येथील कापूस अधिक वापरण्याचा प्रयत्न करावा आणि त्याबदल्यात ब्रिटिश मालावर इतर देशांच्या मालापेक्षा कमी जकात असावी, हे मुंबईने मान्य करावे, असा त्याचा मथितार्थ होता. देशात काहूर उठले. विदेशी कापडाच्या होळ्या विझून फार दिवस झाले नव्हते. अहमदाबादचे गिरणीमालकही मोदींच्या विरोधात गेले. मोदींची बाजू व्यवहाराची होती. खरा स्पर्धक जपान आहे, मँचेस्टर उतरणीला लागले आहे, तेव्हा दोघांशी एकदम भांडण्यात अर्थ नाही, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता, असे आमच्या अर्थशास्त्राच्या सरांचे मत आहे. माझी अडचण वेगळी आहे. परदेशी स्पर्धकाशी बोलणी करताना जो माणूस थोडे सोडून थोडे मिळवायला तयार होता, तोच कामगाराशी बोलताना तितका तयार दिसत नाही. गिरण्यांतून मजुरीची कपात चालूच राहिली आणि १९३४ च्या उन्हाळ्यात मुंबईत पुन्हा सार्वत्रिक संप झाला.

पुढील वर्षे भराभर सांगतो. गोलमेज परिषदेला ते गेले. १९२९ पासून १९४३ पर्यंत ते मध्यवर्ती कायदेमंडळात होते. १९३५ मध्ये सरकारने त्यांना सर केले. टाटांच्या कारभारात ते संचालक म्हणून आले, सेंट्रल बँक ऑफ इंडियाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले आणि देशातील मालकवर्गाच्या एम्प्लॉयर्स फेडरेशनचेही ते अध्यक्ष होते. हजरजबाबी, विनोदी वक्ता अशी त्यांची ख्याती होती.

दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी आपल्या कार्यकारी मंडळात अधिक हिंदी सभासद घेतले. मोदींकडे पुरवठा खाते आले. लष्कराला लागणारे कापड, तंबू, बूट यांच्यापासून सारी खरेदी या खात्याची. उद्योगपतीला याहून मानाची आणि सोयीची जागा दुसरी कोणती असणार? बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये देश पेटला, तरी ते त्या जागेवरून हलले नाहीत. हेही नोंदवलेच पाहिजे. पण १० फेब्रुवारी १९४३ रोजी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभिले. त्यांची प्रकृती ढासळू लागली. सरकार त्यांना बिनशर्त सोडावयास तयार नव्हते. तेव्हा १७ फेब्रुवारीस कार्यकारी मंडळातील तिघांनी राजीनामे दिले. ते तिघे म्हणजे बापूजी अणे, बंगालचे नलिनीरंजन सरकार आणि सर होमी मोदी. अणे यांच्याविषयी आश्चर्य वाटत नाही. मोदी मात्र काँग्रेसचे कधीच नव्हते आणि सत्याग्रहाचा मार्ग त्यांना पटणाराही नव्हता. तरी त्यांनी पद सोडले. त्यांच्या आयुष्यातील ज्या एका कृतीत नफ्यातोट्याचा हिशेब मला सापडत नाही, ती ही.

घटना तयार होत असताना अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी नेमलेल्या सल्लागार समितीत ते पारशी समाजाच्या वतीने होते. आपल्या लहानशा समाजाला कायदेमंडळात जागा राखून मिळाव्यात, अशी मागणी त्यांनी केली. अल्पसंख्याक उपसमितीत ती मान्यही झाली. नंतर त्यांनी ती आपणहून मागे घेतली. राखीव जागांच्या मुदतीत पारशांना योग्य प्रतिनिधित्व मिळाले नाही असे दिसल्यास मागणीचा फेरविचार व्हावा, एवढीच राखण ठेवली. हाती आलेले सोडायचे, पण दार उघडे ठेवायचे. मुरब्बी वाटाघाटी करणारा माणूस येथेही दिसतोच.

२ मार्च १९४९ रोजी संयुक्त प्रांताच्या राज्यपाल सरोजिनी नायडू यांचे लखनौ येथे निधन झाले आणि २ मे १९४९ रोजी त्यांच्या जागी मोदी आले. कवयित्रीच्या जागी गिरणीमालकांचा पुढारी! नंतरच्या जानेवारीत प्रांताचे नाव उत्तर प्रदेश झाले आणि नव्या घटनेखाली ते तेथील पहिले राज्यपाल ठरले. सहा कोटींहून अधिक वस्तीचे राज्य. परंतु कारभार होता तो मुख्यमंत्री गोविंदवल्लभ पंत यांच्या मंत्रिमंडळाचा. राज्यपालांनी विधिमंडळापुढे भाषण करावयाचे तेही मंत्रिमंडळाच्या धोरणाचे, विद्यापीठांचे कुलपती म्हणून पदव्या द्यावयाच्या आणि समोर आलेल्या कागदांवर सह्या करावयाच्या. ज्याने सारी हयात एका बाजूने घासाघीस करण्यात घालविली, त्याला आता बाजूच राहिली नव्हती.

आणि त्या कागदांत सर्वांत मोठा कागद होता जमीनदारी निर्मूलनाचा. हे विधेयक १९४९ मध्ये मांडले गेले आणि १९५१ च्या जानेवारीत मंजूर झाले. राज्यपालांकडून ते राष्ट्रपतींकडे गेले आणि २४ जानेवारी १९५१ रोजी त्यास संमती मिळाली. जमीनदार न्यायालयात गेले. शेजारी बिहारमध्ये, जेथे बापूजी अणे राज्यपाल होते, तसाच कायदा उच्च न्यायालयाने रद्दही ठरविला. अखेर घटनेत पहिली दुरुस्ती करावी लागली आणि सर्वोच्च न्यायालयात हे कायदे टिकले. खाजगी मालमत्तेच्या हक्काचा आयुष्यभर कैवार घेतलेल्या मोदींच्या राजवटीत देशातील सर्वांत मोठ्या राज्यातील जमीनदारांची मालकी अशी गेली. आमचे गाव खोतीचे. खोती निर्मूलनाचा मुंबई राज्याचा कायदाही त्याच सुमाराचा, १९४९ चा. कायद्याने खोत गेला म्हणजे घरात नेमके काय बदलते, हे आमच्याकडे पुस्तकातून शिकावे लागत नाही. लखनौच्या राजभवनातील त्या सहीकडे म्हणूनच मी कुतूहलाने पाहतो. मोदींच्या मनात त्या वेळी काय होते, याला महत्त्व नव्हते. घटनेने ते महत्त्व ठेवलेच नव्हते, आणि ते बरेच झाले, असे मला वाटते.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुका पार पडल्या, पंतांचे नवे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि १ जून १९५२ रोजी मोदींनी पद सोडले. त्यांच्या जागी कन्हैयालाल मुनशी आले. जमीनदारी प्रत्यक्षात संपली ती बरोबर एक महिन्याने, १ जुलैला. मोदी पुन्हा मुंबईला, आपल्या कंपन्यांत परतले. पुढे १९५९ मध्ये राजाजींनी समाजवादी धोरणांविरुद्ध स्वतंत्र पक्ष काढला, तेव्हा ते त्या पक्षात दिसतात. म्हणजे राजभवनाने त्यांची मते बदलली नव्हती. त्यांचे एक चिरंजीव रुसी जमशेदपूरच्या पोलाद कारखान्याचे प्रमुख झाले, तर दुसरे पिलू मोदी स्वतंत्र पक्षातर्फे १९६७ साली लोकसभेत गेले. वडिलांचा विनोद त्यांच्याकडे आला होता.

९ मार्च १९६९ रोजी वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी सर होमी मोदी निवर्तले. चार महिन्यांनी, १९ जुलैला, चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्यांत त्यांची सेंट्रल बँकही होती. त्या वटहुकमावर सही होती हंगामी राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी यांची. गिरी हे मूळचे कामगार पुढारी, आणि १९५७ ते १९६० या काळात लखनौच्या त्याच राजभवनात उत्तर प्रदेशचे राज्यपाल होते.