मठातील पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचताना माझे मन इंग्लंडातील वाँटेजच्या मठापाशीच घुटमळते. १८८३ साली पंचविशीतल्या विधवा रमाबाई चिमुकल्या मनोरमेसह तेथील ख्रिस्ती जोगिणींच्या आश्रयास गेल्या. २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि महाराष्ट्रात गहजब उडाला. पण मठातही त्या मुकाट राहिल्या नाहीत. शाकाहार सोडला नाही. पिता, पुत्र व पवित्र आत्मा या त्रैक्याचे तत्त्व पटेना, तेव्हा गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून निर्भीडपणे वाद घातला.

१८८९ साली मुंबईत त्यांचे शारदासदन निघाले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी आपल्या देवरुखची गोदूबाई, म्हणजेच पुढच्या बाया कर्वे! त्या काळी मी असते, तर रमाबाईंना दूर लोटणाऱ्यांतच उभी राहिले असते का? हा प्रश्न मला अजून छळतो.