मुश्ताक अली : मैदानावर अदब राखणारा फलंदाज

टेनिस बॉलचे सामने पवनारला होवोत की वर्ध्याला, विकेट पडली की शिव्या आल्याच. कधी कधी जात-धर्मही निघतो. अशा वेळी आम्हाला मरहूम सय्यद मुश्ताक अली आठवतात.

जन्म इंदूरचा, १७ डिसेंबर १९१४. आपल्या नागपुरात जन्मलेल्या कर्नल सी. के. नायडूंनी या पोराचा खेळ हेरला आणि त्याला घडवलं.

१९३६, मँचेस्टर कसोटी. कप्तान विझियानगरमचे महाराजकुमार. त्यांनी जोडीदार विजय मर्चंटला मुद्दाम धावबाद करायला सांगितलं, असं मुश्ताकभाईंनीच पुढे आत्मचरित्रात लिहिलंय. त्यांनी काय करावं? सरळ मर्चंटच्या कानावर घातलं! दोघं हसले आणि सलामीला २०३ धावा केल्या. मर्चंट ११४, मुश्ताकभाई ११२. परदेशात कसोटी शतक ठोकणारे ते पहिले भारतीय.

तेव्हा मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी असे धर्मावार संघ खेळायचे. डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी या पंचरंगी सामन्यांना विरोध केला, तोही पवनारच्या शेजारी, वर्ध्यातून. आम्हाला तो पटतो. तरी १९४४ ची फायनल विसरवत नाही. के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत टिकले, मुश्ताकभाईंचा मुस्लिम संघ एका विकेटने जिंकला. हरलेल्या हिंदू संघातले मर्चंट स्वतः त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि मुश्ताकभाईंना मिठी मारली.

११ कसोटी, ६१२ धावा. १८ जून २००५ रोजी इंदूरलाच त्यांचा इंतकाल झाला. देशातली टी-२० ट्रॉफी आज त्यांच्याच नावाने खेळली जाते.