हवेतला क्षय पकडणारे वेल्स

क्षयाचा रुग्ण खोलीतून निघून गेला तरी त्याच्या खोकल्यातले जंतू तिथल्या हवेत राहू शकतात. हे सिद्ध करण्यामागचा मुख्य माणूस डॉक्टर नव्हता. विल्यम फर्थ वेल्स हे अमेरिकेतले स्वच्छता अभियंते. पाण्याचं निर्जंतुकीकरण हा त्यांचा विषय. न्यूयॉर्क राज्यात त्यांनी कालवांची कृत्रिम पैदासही केली होती.

१९३० च्या दशकात, हार्वर्डमध्ये असताना, ते हवेकडे वळले. खोकल्याचे थेंब दोन-तीन हातांवर खाली पडतात आणि धोका तिथेच संपतो, असा तेव्हाच्या वैद्यकाचा ठाम समज होता. वेल्स यांनी १९३४ मध्ये हिशेब मांडला. मोठे थेंब पडतात हे खरं. पण मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून लहान थेंब जमीन गाठण्याआधीच सुकतात आणि उरलेला कण तासन्‌तास तरंगतो.

पाण्याला क्लोरिन, तसे हवेला अतिनील किरण, हा त्यांचा उपाय. हे किरण डोळे आणि त्वचा पोळतात. म्हणून दिवे डोक्यांच्या वर लावायचे आणि झोत खाली येऊ द्यायचा नाही. खोलीतली हवा खालीवर फिरत असतेच. वर गेलेले जंतू मरतात. १९४१ च्या गोवराच्या साथीत फिलाडेल्फियातल्या एका शाळेत असे दिवे लावलेल्या वर्गांत मुलं खूपच कमी आजारी पडली. या कामात त्यांची डॉक्टर पत्नी मिल्ड्रेड बरोबरीने होती. पुढे इतर गावांतल्या शाळांत मात्र तसं यश आलं नाही. वर्गात दिवे होते, पण मुलं एकाच बसमधून यायची, गावात एकत्र खेळायची! टीकाकारांनी मात्र दोष दिव्यांनाच दिला.

वेल्स खचले नाहीत. १९५० च्या दशकात बाल्टिमोरमध्ये, एकेकाळचे त्यांचे विद्यार्थी डॉ. रिचर्ड रायली यांच्यासह, त्यांनी सहा खाटांच्या क्षय वॉर्डातली हवा नळीने वरच्या गिनीपिगांकडे नेली. दरमहा सरासरी तीन प्राण्यांना क्षयाची लागण होऊ लागली. दुसऱ्या गटाला त्याच वॉर्डातली, पण अतिनील किरणांतून नेलेली हवा दिली. त्यातल्या एकालाही लागण झाली नाही.

वेल्स १९६३ मध्ये वारले. तोवर स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड आलेली होती. क्षय आता संपणारच, अशा समजुतीत दिवे मागे पडले. १९८० च्या दशकात अमेरिकेत क्षय पुन्हा वाढू लागला, औषधांना न जुमानणारे जंतू दिसू लागले, तेव्हा रुग्णालयांना बाल्टिमोरच्या त्या वॉर्डाची आठवण झाली.