ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर

विज्ञान, इतिहास, कायदा, कला अशा कोणत्याही विषयाची भरवशाची माहिती एका ठिकाणी हवी असेल, तर शंभर वर्षांपूर्वी इंग्रजी येणे भाग होते. ज्याला इंग्रजी येत नव्हते त्याच्यासाठी मराठीत तसा ग्रंथच नव्हता. ही उणीव ज्यांनी दूर केली त्या डॉ. केतकरांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

केतकरांचा जन्म 2 फेब्रुवारी 1884 रोजी रायपूर येथे झाला. मुंबईच्या विल्सन कॉलेजात काही काळ शिकून ते अमेरिकेस गेले आणि 1911 साली कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांनी मिळविली. तेथे असतानाच, 1909 साली, मनुस्मृतीच्या आधारे भारतातील जातिसंस्थेचा शोध घेणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला होता.

या ग्रंथाशी आपला संबंध निकटचा आहे. मे 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातीविषयीचा आपला पहिला निबंध वाचला, तेव्हा त्यांनी केतकरांच्या व्याख्येची दखल घेतली. जातीचा विचार सुटा न करता संपूर्ण जातिव्यवस्थेच्या संदर्भात केला, याचे श्रेय त्यांनी केतकरांना दिले. मात्र जन्मावरून सभासदत्व आणि जातीबाहेर विवाहास बंदी ही दोन लक्षणे केतकरांनी वेगळी मानली, ती मुळात एकच आहेत, हे बाबासाहेबांनी दाखवून दिले. बेटीबंदी केली की जन्माची अट आपोआप येते. हिंदू समाजाच्या भवितव्यावर केतकरांचा जो विश्वास होता तो आम्हांला पटत नाही. पण ज्यांच्याशी असा वाद घालावा असे वाटावे इतकी त्यांची विद्वत्ता होती, हे नि:संशय.

त्याच सुमारास केतकरांनी ज्ञानकोशाचे काम हाती घेतले. पाठीशी सरकार नव्हते, की कोणी संस्थानिक नव्हता. त्यांनी मर्यादित भांडवलाची मंडळी काढली, लोकांना भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळविण्यासाठी गावोगाव फिरले. कचेरी प्रथम नागपुरास होती, पुढे ती पुण्यास आली. लेखक जमविणे, लेख तपासणे, छपाईचा खर्च भागविणे, सारे त्यांच्याच माथी. तरीही 1920 नंतरच्या दशकात 23 खंड पुरे झाले.

अकारविल्हे नोंदींच्या आधी त्यांनी पाच प्रस्तावनाखंड घातले. त्यांतील तिसऱ्याचे नाव ‘बुद्धपूर्व जग’ व चौथ्याचे ‘बुद्धोत्तर जग’. जगाच्या इतिहासाची वाटणी करताना या पंडिताला मध्यबिंदू म्हणून तथागतच सापडले, हे आमच्या वाचकांनी अवश्य ध्यानात घ्यावे. पाचवा खंड विज्ञानाच्या इतिहासाचा आहे.

1920 साली त्यांनी जर्मन ज्यू कुटुंबातील ईडिथ कोहन यांच्याशी विवाह केला. त्या शीलवतीबाई झाल्या. पुढे केतकरांनी ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत कथेपेक्षा समाजशास्त्र अधिक, असे म्हणावे लागेल. 1931 साली हैदराबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मान मिळाला, पण द्रव्याची ओढाताण संपली नाही. 10 एप्रिल 1937 रोजी, वयाच्या 53 व्या वर्षी, पुणे येथे त्यांचे निधन झाले.