विश्लेषण : पात्यांशिवाय वाऱ्यातून वीज? लॉर्ड केल्व्हिन यांच्या उपकरणात दडलंय उत्तर

पवनचक्की म्हटली की फिरणारी पाती डोळ्यांसमोर येतात. पण काहीही न फिरवता वाऱ्यातून थोडी वीज मिळू शकते. त्यामागचे तत्त्व दीडशे वर्षांपूर्वीचे आहे.

कोण होते केल्व्हिन?

मूळ नाव विल्यम थॉमसन. जन्म २६ जून १८२४, बेलफास्ट. सहाव्या वर्षी आईचे निधन झाले. वडील गणिताचे प्राध्यापक म्हणून ग्लासगोला गेले आणि दहाव्या वर्षी विल्यम तिथल्या विद्यापीठात दाखल झाले. २२व्या वर्षी ते तिथेच प्राध्यापक झाले आणि ५३ वर्षे त्या पदावर राहिले. तापमानाचे केल्व्हिन हे एकक त्यांच्याच नावाचे.

उपकरण कसे चालते?

१८६७ मध्ये त्यांनी पाण्याच्या थेंबांतून स्थिर विद्युत तयार केली. दोन धारांचे थेंब दोन धातूच्या कड्यांतून दोन भांड्यांत पडतात. प्रत्येक कडे समोरच्या बाजूच्या भांड्याला तारेने जोडलेले असते. एका भांड्यात किंचित ऋणभार असला, तरी त्याला जोडलेले कडे दुसऱ्या धारेच्या थेंबांवर धनभार आणते. हे चक्र वाढत जाऊन हजारो व्होल्ट तयार होतात आणि ठिणगी पडते. भारित भांडे थेंबांना दूर लोटते, तरी गुरुत्वाकर्षण त्यांना खाली ओढते. तीच ऊर्जा विजेत उतरते.

वाऱ्याचा संबंध काय?

गुरुत्वाकर्षणाच्या जागी वारा ठेवा. भारित थेंब वाऱ्याने विद्युत क्षेत्राविरुद्ध ढकलले, की वीज मिळते. नेदरलँड्समधील डेल्फ्ट विद्यापीठाचे असे पातीविरहित उपकरण २०१३ मध्ये गाजले. अडचण एकच : व्होल्ट प्रचंड, पण विद्युतप्रवाह अत्यल्प. शक्ती म्हणजे या दोन्हींचा गुणाकार, त्यामुळे हाती येणारे वॉट थोडेच.

वाऱ्याबद्दल केल्व्हिन यांचे मत?

१८८१ मध्ये यॉर्क येथील भाषणात त्यांनी कोळसा संपत जाईल हे लक्षात आणून देत, पवनचक्कीवर बॅटऱ्या चार्ज करण्याची कल्पना मांडली. पवनचक्क्या महाग आहेत, हेही स्पष्ट सांगितले. सहाच वर्षांनी, १८८७ मध्ये, ग्लासगोचेच प्राध्यापक जेम्स ब्लिथ यांनी स्कॉटलंडमधील मेरीकर्क गावी पवनचक्कीच्या विजेवर आपले घर उजळवले.

१७ डिसेंबर १९०७ रोजी केल्व्हिन यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत न्यूटनजवळ त्यांची समाधी आहे. भारित थेंब आणि वारा हे दोन्ही धागे त्यांच्या हाती होते, पण त्यांची गाठ मारली ती पुढच्या पिढ्यांनी. ती वीज परवडणारी करण्याचे काम अजून बाकी आहे.