पेशी जगवणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

हात मोडला की प्लास्टर घालतात आणि प्लास्टरनेच हाड जोडलं, असं आपण धरून चालतो. प्लास्टर फक्त तुकडे जागेवर धरून ठेवतं. मोडलेल्या जागी रक्त साकळतं, हाडावरच्या पातळ आवरणातल्या आणि आतल्या मज्जेतल्या मूलपेशी तिथे वाढू लागतात, आधी मऊ कूर्चा आणि मग टणक हाड तयार होतं. मूलपेशी म्हणजे पुढे काय व्हायचं हे अजून पक्कं न ठरलेली पेशी. माणूस मस्तगडातला असो की मुंबईचा, हाड सांधण्याची रीत हीच.

ही रीत कळायला पेशी शरीराबाहेर काढून जिवंत ठेवता यायला हव्या होत्या. मॉस्कोच्या अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन यांनी मज्जेतल्या काही पेशी हाड घडवतात, हे १९६०च्या दशकापासून दाखवलं, तेही मज्जेतल्या पेशी बाहेर काढून, वाढवून. पेशी वाढवण्याची ही विद्या भारतात रुजवली ती पुण्याच्या एका मुलीने.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७चा. वडील दिनकर समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागेत शिकलेल्या या मुलीने दोन्ही केलं नाही. ती फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र शिकली आणि १९३९ मध्ये गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी तिचं लग्न झालं. एम.एस्सी.साठी तिने पुण्याच्या कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. मराठवाड्याच्या वाचकाला हे वाचून थोडी गंमत वाटेल. कर्करोगाच्या या संशोधिकेची सुरुवात आपल्या ओळखीच्या फळाने झाली.

लग्नानंतर मुंबईत आल्यावर कमलताई टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकर यांच्या हाताखाली काम करू लागल्या. १९४९ मध्ये पीएच.डी. मिळाली आणि पुढे त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. हेन्रिएटा लॅक्स या रुग्णाच्या गाठीतल्या, आजतागायत वाढत असलेल्या पेशी १९५१ मध्ये वाढवणारे हेच गे.

टिश्यू कल्चर म्हटलं की आपल्याला केळीची रोपं आठवतात. माणसाच्या पेशींचं प्रकरण याहून नाजूक असतं. त्यांना ३७ अंशांची ऊब लागते, रक्तद्रव मिसळलेलं अन्न लागतं आणि ते वेळच्या वेळी बदलावं लागतं. एखादा जंतू शिरला तर आठवड्यांची मेहनत एका रात्रीत जाते. गे यांच्याकडे नळ्या फिरत्या पिंपात बसवलेल्या असत आणि अन्नासाठी ते कोंबड्यांचं रक्त स्वतः काढून आणत. थोडक्यात, हे काम तान्ह्या बाळाच्या सांभाळासारखंच.

ती चिकाटी घेऊन कमलताई मुंबईला परतल्या. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी उभी केलेली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा देशातली पहिली मानली जाते. स्तनांचा कर्करोग, रक्ताचा कर्करोग, संप्रेरकं आणि विषाणू यांचा गाठींशी संबंध, असं त्यांचं मोठं काम आहे. मूलपेशींचा उपचार त्यांनी शोधला नाही, हेही सांगायला हवं.

मला त्यांच्या कामातली कुष्ठरोगाची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९५८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर त्यांनी कुष्ठरुग्णाच्या शरीरातून मिळालेला एक जंतू पेशींच्या साथीने वाढवल्याचं प्रसिद्ध केलं. कुष्ठरोगाचा जंतू बाहेर वाढत नाही म्हणून जगभर डोकं धरून बसले होते. पुढच्या तपासण्यांत हा जंतू दुसऱ्याच गटाशी जुळणारा निघाला. तरी त्यापासून केलेली लस वाया गेली नाही. तिच्या माणसांवर रीतसर चाचण्या झाल्या आणि दक्षिण भारतातल्या चाचणीत तिचा चांगला उपयोग दिसला. काचेत जे दिसलं ते माणसात खरं ठरतं का, याचा निकाल असा लागतो.

गुडघेदुखीपासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर मूलपेशींचं इंजेक्शन देऊ करणाऱ्या जाहिराती पाहिल्या की हीच गोष्ट आठवते. रक्ताच्या काही आजारांत मूलपेशींचा उपचार नक्की उपयोगी पडतो. १९८३ मध्ये टाटा रुग्णालयातच डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. बाकी बहुतेक उपचार अजून चाचणीच्या पायरीवर आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या नियमांप्रमाणे चाचणीतल्या रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. हजारोंची पावती फाडण्याआधी एवढं विचारावं.

१९८२ मध्ये कमलताईंना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर जिल्ह्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करत फिरल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचं निधन झालं. १९७३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली भारतीय महिला वैज्ञानिक संघटना नवी मुंबईत वाशीला नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आणि त्यांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवते.