खांडक्या बल्लाळशहा

चंद्रपूरपासून थोड्याच अंतरावर, वर्धा नदीच्या काठी बल्लारपूर हे गाव आहे. तेथील कोळशाच्या खाणी व कागदाचा कारखाना सर्वांच्या परिचयाचे आहेत. नदीकाठच्या जुन्या किल्ल्याकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात ह्या किल्ल्यात बल्लाळशहा नावाचा गोंड राजा राहत असे. त्याच्या घराण्याची राजधानी पूर्वी शिरपूर येथे होती. ती सोडून राजा ह्या नदीतीरी आला, त्यास कारण झाले त्याचे दुखणे.

राजाच्या सर्वांगावर गाठी व फोड उठलेले होते. पिकलेल्या गळवास आपण खांडूक म्हणतो. त्यावरूनच लोक त्यास खांडक्या म्हणू लागले. वैद्य झाले, औषधे झाली. गुण आला नाही. रात्र रात्र डोळ्यास डोळा लागत नसे. राणी मोठी विचारी होती. जागा पालटून पाहावी असे तिने सुचविले आणि वर्धेच्या काठी नवा किल्ला उभा राहिला. तेथेही व्याधी हटली नाही; परंतु राजाने अंथरूण धरले नाही. घोड्यावर बसून तो शिकारीस जात असे.

अशा देहाने खोगिरावर बसणे सोपे नव्हे, आणि त्या स्वारास वाहणाऱ्या घोड्यासही ते सोपे नव्हे. घोड्याची कातडी फार हळवी असते. पाठीवर माशी बसली, तर तेवढाच भाग थरथरवून तो तिला उडवून लावतो. मग स्वाराचे कळवळणे त्यास कसे कळणार नाही? स्वार किंचित एका अंगास कलला, त्याच्या मांडीचा दाब सैल झाला, भीतीने वा वेदनेने त्याचे अंग आखडले, की घोड्यास ते तत्काळ जाणवते. लगाम हलण्यापूर्वीच पुष्कळ गोष्टी घोडा ओळखून असतो. म्हणूनच जाणते स्वार आधी स्वतःस शांत करतात.

शिवाय अरण्य हे घोड्याचे मूळ घर नव्हे. तो मोकळ्या गवताळ मैदानाचा प्राणी. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंस असल्यामुळे मान न वळवता त्यास जवळजवळ सभोवारचे दिसते. मात्र कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. दोन्ही कान तो निरनिराळ्या दिशांस फिरवू शकतो. हे सारे त्यास शत्रू दुरून ओळखून पळून जाण्यासाठी मिळाले आहे. सागाच्या व बांबूच्या दाट रानात दुरून काही दिसत नाही. पाचोळा वाजला, वाऱ्यावर वाघाचा वास आला, की तो बुजतो. त्यास भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल. पळणे हेच त्याचे शहाणपण आहे.

एके दिवशी शिकारीत राजास अतिशय तहान लागली. पाणी शोधीत तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रातून घोडा हाकीत निघाला. तहानेला घोडा अशा पात्रात आला म्हणजे ओलाव्याचा वास घेतो, आणि कित्येकदा खुराने वाळू उकरून पाणी काढतो. पुढे एका खळग्यातून पाणी झिरपताना राजास दिसले. तो उतरला, पाणी प्याला, हातपाय व तोंड धुतले आणि घरी परतला. त्या रात्री त्यास कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली. सकाळी राणी पाहते, तो जेथे पाणी लागले होते तेथील फोड नाहीसे झालेले! तिने त्या स्थळी जाण्याचा आग्रह धरला. वाळू व गवत दूर करताच खडकात गाईच्या खुरांसारखे पाच खळगे पाण्याने भरलेले आढळले. त्या पाण्याने राजा बरा झाला, अशी परंपरेने चालत आलेली कथा आहे. तेथे अंचलेश्वराचे मंदिर उभारण्याचे त्याने ठरविले.

मंदिराचे काम पाहण्यास राजा घोड्यावरून येई. एका सकाळी झुडपातून एक ससा उसळून बाहेर आला आणि राजाच्या शिकारी कुत्र्याच्याच मागे लागला! कुत्रा पुढे, ससा मागे, आणि त्या दोघांमागे राजाचा घोडा, अशी विलक्षण धाव सुरू झाली. कुत्रा मोठा वळसा घेई, ससा जवळची वाट धरी. एके ठिकाणी दोघांची झटापटही झाली. अखेरीस कुत्र्याने उलटून सशास ठार केले. सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता, असे सांगतात. विजयनगर आणि अहमदाबाद ह्या नगरांविषयीही अशाच सशाची गोष्ट ऐकू येते. तेव्हा तीत इतिहास किती आणि कल्पना किती, हे ज्याचे त्याने ठरवावे.

राजाने घडले ते राणीस सांगितले. ह्या वाटेने कोट बांधून आत नगर वसवावे, असा सल्ला तिने दिला. सशाची व कुत्र्याची झटापट झाली ती जागा, आणि ससा मेला ती जागा, ह्या दोन्ही ठिकाणी पुढे धोका संभवतो. तेथे बुरूज विशेष भक्कम असावेत, हेही तिने सुचविले. आता कोटाची रेषा आखावयाची कशी? हलक्या सशाची पावले मातीत कितीशी उमटणार! परंतु राजाच्या घोड्याच्या टापा ठळक उमटल्या होत्या. त्या टापांच्या मागावरून कोटाची आखणी झाली. एरवी स्वार घोड्यास वाट दाखवितो. येथे पुढे धावणाऱ्या मुक्या प्राण्यांनी वाट काढली, घोड्याने ती जमिनीवर लिहून ठेवली, आणि राजाने ती मान्य केली.

काम अवाढव्य होते. खांडक्या बल्लाळशहाच्या हयातीत ते पुरे झाले नाही. त्याच्या वंशजांनी पिढ्यानुपिढ्या ते चालविले. नगरास चांदा म्हणू लागले. तेच आजचे चंद्रपूर. इरई आणि झरपट ह्या नद्यांच्या संगमाजवळ तो दगडी कोट अजून उभा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा असे त्यास चार दरवाजे आहेत. त्यांतील अंचलेश्वर दरवाजा झरपटीच्या बाजूस आहे. त्यातून बाहेर पडले, की थोड्याच पावलांवर मंदिर लागते.